खापर

माळ्यावरून उतरवलं मांड्यांचं खापर,
उपडं घातलं ओट्यावर.
काजळीनं काळं, एके ठिकाणी टवका उडालेलं.
मैतू म्हणाली, टवका तिथे कॅस्पियन समुद्र.
पार्थिवनं खडू घेतला.

आफ्रिका जमली पहिल्याच झटक्यात.
युरोपची बोटं जरा जाड झाली,
ऑस्ट्रेलिया गेला पार कडेला,
जिथे हात चुकला की मांडा फाटतो.
"आई, चीन तर आपल्या गावाच्या नावातच आहे!"
चिनावलच्या पोराला हे कळायला आठ वर्षं लागली.
मला छत्तीस.

कुडावरून प्रमिलाकाकू:
"शाया सोडली नि खापर रंगवते काय वं?
उद्या पोरं मागं पडली, तं हे खापर
कोनाच्या डोक्यावर फोडशीन?"
मी म्हटलं, जपून काकू, फुटलं तर समुद्र सांडेल.
त्यांच्यासमोर हसले.
रात्री पंख्याकडे बघत पडून राहिले.

मे महिन्यात, पंचेचाळीस अंशात,
भाव नाही म्हणून खोलीत पडलेल्या कापसाचं
त्यांनी बर्फाचं घर केलं.
आत शिरलं की कुडकुडायचं, असा नियम.
हेमकांत केळीची गाडी भरून आला,
सदऱ्यावर चिकाचे डाग,
दाराशी वाकून केळफूल पुढे केलं:
"सील मारून आणलाय."
त्या दिवशी सीलची भाजी झाली.
केसांतली सरकी आठवडाभर निघत होती.

मग तापी.
नळाच्या चौथऱ्याशी मुलताई, फाटकाशी सुरत,
मधे खुरप्यानं ओढलेली रेघ.
पार्थिवनं तांब्या उपडा केला
आणि पाणी निघालं दक्षिणेला,
कारण इथलं प्रत्येक अंगण
सातपुड्याकडे पाठ करून नदीकडे उतरतं.
सुरत कोरडी.
मी फावडं शोधत होते. मैतू म्हणाली,
नदी कशाला वळवतेस, दिशा वळव.
तिनं जमिनीवरचा 'प' पुसला,
पाणी जात होतं तिकडे नेऊन लिहिला.
"आणि सूर्य?"
"त्याला सांगू नकोस."

दुसरा तांब्या. तिसरा.
बऱ्हाणपूर भिजलं, हतनूरला खडा आडवा आला,
प्रकाशापर्यंत पाण्याची नुसती ओल उरली,
मग तीही केळीच्या कंदाशी दिसेनाशी झाली.
पार्थिव उकिडवा बसून बघत होता.
"मळ्यात गेली."

गेल्या वर्षीचा पेपर.
तापी नदी कोठे जाऊन मिळते?
त्यानं लिहिलं होतं: आमच्या मळ्यात.
लाल शाईत शून्य,
आणि ते उत्तर सगळ्या वर्गापुढे मोठ्यानं वाचलेलं.
तेव्हापासून तो शाळेत बोलायचाच थांबला होता.

मी म्हटलं, समुद्रातही जाते. दोन्ही लिही.
त्यानं विचारलं, मार्क कुठल्याला?
मला सांगता आलं नाही.
माझ्या हाताला चिखल होता, तो धुवायला गेले.

संध्याकाळी तेच खापर चुलीवर ठेवलं.
खडू पुसायला फडकं घेतलं, तर मैतू आडवी:
राहू दे, पृथ्वीच्या पोटात आग असतेच.
मग पुरणाचा उंडा, दोन्ही हातांवर फिरत फिरत
कोपरापर्यंत आला,
अन् टाकला प्रशांत महासागरावर.

लोक म्हणतात, ही बाई मनातले मांडे खाते.
हा तर बोटं भाजत होता.
उलटला, तर खालच्या अंगाला पुसट पांढरे किनारे,
सगळे उलटे छापलेले.
पार्थिवनं ऑस्ट्रेलिया तपासला. फाटला नव्हता.

पहिला कुडावरून काकूंना दिला.
चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ निरखला.
"हे कोनतं गाव?"
चीन, पार्थिव म्हणाला.
"म्हंजे आपलंच," असं म्हणून
त्यांनी तिथूनच तुकडा मोडला.
दातांत थोडा खडू कचकचला असावा.
काही बोलल्या नाहीत.